कॅप्टन सोडून बोला

परवा ऑफिसच्या कँटीनमध्ये एका नवीन पोराने माझा मग बघितला, त्यावर स्टार ट्रेक सिरीयलमधल्या एंटरप्राइज या अंतराळयानाचं चित्र आहे, आणि एकदम खूष होऊन विचारलं, मॅम तुम्हीपण स्टार ट्रेकवाल्या? मग कॅप्टन कुठला, कर्क की पिकार्ड? मी म्हटलं दोन्ही नाही, ओब्रायन. तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी मिसळ मागवली आणि वर रस्सा नको म्हणाले. कोण ओब्रायन? अरे तो ट्रान्सपोर्टरच्या, माणसांना एका जागेवरून गायब करून दुसरीकडे पोचवणाऱ्या मशीनमागे उभा असतो तो. हां हां तो होय, म्हणाला, आणि विषय तिथेच संपला कारण त्याला मीटिंग होती. माझा काही संपला नाही. हिंजवडीवरून घरी येताना चांदणी चौकापर्यंत मी मनातल्या मनात त्याला उत्तर देत होते, शेवटी म्हटलं आता लिहूनच टाकते.

तर आधीच सांगते, कॅप्टन लोकांशी माझं काही वाकडं नाहीये. पण कॅप्टनचं काम काय, तर खुर्चीत बसून "करा" म्हणायचं. आणि ते जे करायचं असतं ते करणारे लोक कुठेतरी खाली असतात, इंजिनाच्या खोलीत, कुठल्यातरी पाइपात अर्धं अंग घालून. माझे आवडते सगळे तिथले. हे आमच्या घरातूनच आलंय, बाबांकडून.

बाबा पिंपरीला एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. आम्ही सदाशिव पेठेत एका वाड्यात राहायचो, दोन खोल्या, सकाळी सहा दहाला टिळक रोडवर कंपनीची बस. घरातलं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे. ते पुढे आहे हे सगळ्यांना माहीत होतं तरी त्याच्याकडे बघून धावपळ व्हायचीच, याचं लॉजिक मला आजपर्यंत कळलेलं नाही. टीव्ही फक्त घरमालकांकडे होता. जरा वारा सुटला की अँटेना फिरायची आणि ती सरळ करायला पत्र्यावर चढणारा वाड्यातला एकमेव माणूस म्हणजे बाबा, त्यामुळे आमच्या घरची सतरंजीवर पुढची जागा ठरलेली, आणि त्याबद्दल कोणी काही बोलायचं नाही.

रविवारी सकाळी दूरदर्शनवर स्टार ट्रेक लागायचं. ते जुनं, ओरिजिनल, अमेरिकेत १९६६ ते १९६९ मध्ये येऊन संपलेलं, एकूण ७९ एपिसोड. आमच्यापर्यंत पोचेपर्यंत पंधरा-वीस वर्षांचं शिळं झालेलं, पण आम्हाला कुठे माहीत. इंग्लिश वाड्यात कुणालाच धड कळायचं नाही, मालक कळल्यासारखं मान डोलवायचे तेवढंच. आणि टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. स्टार ट्रेकमध्ये लाल शर्टवाला माणूस ग्रहावर उतरला की तो मरणार हा जगप्रसिद्ध जोक मला वीसेक वर्षांनी कळला, कारण आमच्याकडे सगळेच राखाडी शर्टवाले. कोण मरणार हे आम्हाला खरोखर शेवटपर्यंत समजायचं नाही, त्या बाबतीत आम्ही अमेरिकेतल्या लोकांपेक्षा जास्त नशीबवान.

बाबा पुढे बसायचे पण बघायचे नाहीत. समोर सकाळ पसरलेला, त्यावर कुणाचातरी मिक्सर नाहीतर इस्त्री उघडलेली, स्क्रू एका वाटीत. कर्कने काही हुकूम सोडला की मान वर न करता म्हणायचे, याला काय जातंय सांगायला. आणि यानाचा इंजिनियर स्कॉटी बोलायला लागला की पाना खाली ठेवायचे. स्कॉटीचं इंग्लिश तर इंग्लिश येणाऱ्यांनाही झेपत नाही, बाबांना काय कळणार. पण ते म्हणायचे, बोलणं कशाला कळायला पाहिजे, मशीन बंद पडलंय, वरचा विचारतोय किती वेळ, हा म्हणतोय होणार नाही, आणि हा आता करणार. प्रत्येक वेळी बरोबर.

जेम्स डूहान त्या नटाचं नाव. स्वतः कॅनडाचा, स्कॉटलंडचा नाहीच. ऑडिशनला बरेच वेगवेगळे हेल काढून दाखवले आणि त्यानेच सांगितलं की इंजिनियर असेल तर स्कॉटिशच पाहिजे. म्हणजे हे कॅरेक्टर अर्धं त्यानेच घडवलंय. कंपनीत सगळी कामं खालून होतात तसंच.

स्पॉकबद्दल, म्हणजे तो टोकदार कानांचा, कायम तर्काने बोलणारा, त्याच्याबद्दल मी काही लिहिणार नाहीये. स्पॉक सगळ्यांनाच आवडतो आणि स्पॉक मूळचा सदाशिव पेठेतला हा जोक मी इतक्यांदा मारलाय की नवऱ्याने आता बंदी घातलीये.

मग नव्वदच्या दशकात केबल आली आणि एकदम सगळंच आलं. पण सगळ्यात आधी माझ्या डोक्यात बसली ती विकी. स्मॉल वंडरमधली मुलीसारखी दिसणारी रोबो हो, हिंदीत डब केलेलं, लाल-पांढरा फ्रॉक आणि ते सपाट आवाजात बोलणं. माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, तो आवाज काढून दाखवेल. आता बघायला गेलं तर सिरीयल साधीच होती, पण मला एक गोष्ट तेव्हाही खटकायची आणि आता तर जामच खटकते. विकीला झोपायला कपाट. त्या घरातल्या मुलाच्या, जेमीच्या खोलीतल्या कपाटात तिला उभी करून ठेवायचे, दार बंद. बापाने बनवली, घरी आणली, लोकांना सांगितलं आमची मुलगी आहे, आणि कामाला हिला जुंपायचं. बॅकग्राउंडला हसण्याचा आवाज. चार सीझन गेले पण त्या कपाटाबद्दल कुणी काही बोललं का? नाही. आजी तेव्हा बघता बघता म्हणाली होती, पोरीला एक चटई तरी द्यायची. त्या सिरीयलवरची एवढी नेमकी समीक्षा मी पुढे कुठेही वाचली नाही.

आणि म्हणून डेटा. स्टार ट्रेकच्याच पुढच्या सिरीयलमधला, नेक्स्ट जनरेशनमधला अँड्रॉइड, म्हणजे माणसासारखा यंत्रमानव, नट ब्रेंट स्पायनर. ही सिरीयल १९८७ ते १९९४, १७८ एपिसोड, मी थोडी केबलवर बघितली आणि बाकीची पुढे एका मित्राच्या हार्ड डिस्कवरून, झोपायच्या वेळा मोडून. डेटा इंग्लिशमधले डोन्ट, कान्ट असले आखूड केलेले शब्द वापरत नाही, सगळं सुटं सुटं आणि पूर्ण बोलतो. मराठीत असता तर नक्की केले, गेले, पाहिले असंच बोलला असता, केलं गेलं पाह्यलं कधी म्हणाला नसता, आणि सगळ्यांनी त्याला तू आकाशवाणीवर होतास का विचारलं असतं.

१९८९ चा एक एपिसोड आहे, द मेझर ऑफ अ मॅन. मॅडॉक्स नावाचा एक शास्त्रज्ञ येतो आणि म्हणतो मला डेटा उघडून बघायचाय, जमलं तर असे अजून बनवू. डेटा म्हणतो मला तुमच्यावर भरवसा वाटत नाही, मी राजीनामा देतो. तर त्याला सांगतात की तू राजीनामा देऊ शकत नाहीस, तू मालमत्ता आहेस. म्हणजे उद्या तुमच्या लॅपटॉपने रिझाइन केलं तर एचआर काय म्हणेल, तसं. मग सुनावणी होते. पिकार्ड डेटाच्या बाजूने, आणि विरुद्ध बाजू मांडायला माणूस नाही म्हणून पिकार्डच्या हाताखालच्या रायकरला उभं करतात, जो डेटाचा दोस्त आहे. नाही म्हणालास तर डेटाच्या विरुद्ध निकाल लागलाच समज, असं त्याला बजावलेलं असतं. मग तो जीव तोडून लढतो. भर कोर्टात डेटाचा हात काढून टेबलावर ठेवतो, आणि मग मागे जाऊन त्याचा स्विच बंद करतो. डेटा बोलता बोलता तसाच पुढे कोसळतो. तो सीन बघताना मला घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं, दरवेळी.

एपिसोड लिहिणारी मेलिंडा स्नॉडग्रास आधी वकिली करायची, ते कळतं. पण मला सगळ्यात आवडतो तो शेवटचा दीड मिनिट. डेटा जिंकलेला असतो, तिकडे पार्टी चालू असते, रायकर तोंड लपवून एकटा बसलेला. डेटा त्याला शोधत येतो आणि म्हणतो, तू नाही म्हणाला असतास तर मी संपलो असतो, जे केलंस त्याचा तुला त्रास झाला आणि मी वाचलो, हे मी विसरणार नाही. आता मला सांगा, ज्याला भावना नाहीत म्हणे तो हे बोलतो, आणि आमच्याकडे सख्खे भाऊ वाड्याच्या वाटणीनंतर वीस वर्षं एकमेकांच्या घरी चहाला जात नाहीत.

जाता जाता एक. मशीनने बनवलेली मुलगी ही कल्पना पुण्याला तशी लांबची नाही. आयुका ही इथली खगोलशास्त्राची संस्था उभी करणाऱ्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉईल, यांनी १९६१ मध्ये बीबीसीसाठी सहलेखक घेऊन सात भागांची सिरीयल लिहिली होती, ए फॉर अँड्रोमेडा. अंतराळातून सिग्नल येतो, त्यात एक कॉम्प्युटर कसा बनवायचा ते सांगितलेलं असतं, लोक तो बनवतात आणि मग तो कॉम्प्युटर एक जिवंत मुलगी घडवतो. नवखी ज्युली क्रिस्टी होती त्यात. एवढा मोठा खगोलशास्त्रज्ञ टीव्हीसाठी लिहितोय आणि बीबीसीने काय केलं तर त्याच्या बहुतेक सगळ्या टेप पुसून टाकल्या, जवळपास एकच एपिसोड शिल्लक आहे. आमच्याकडे लग्नाच्या कॅसेटवर वर्ल्ड कपची मॅच टेप केली होती तेव्हा आईने महिनाभर तोंड सोडलं होतं, इथे अख्खा देश गप्प.

बरं ओब्रायन. त्याच्यासाठीच तर बसलेय लिहायला.

माइल्स ओब्रायन, नट कोल्म मीनी, आयरिश. नेक्स्ट जनरेशनच्या १९८७ च्या अगदी पहिल्या एपिसोडमध्ये तो आहे पण त्याला नावच नाही, नुसता एक माणूस कंट्रोलवर बसलाय. नाव मिळालं दुसऱ्या सीझनला. मग हळूहळू लग्न झालं, मुलगी झाली, आणि १९९३ ला डीप स्पेस नाइन या स्टार ट्रेकच्याच नव्या सिरीयलमध्ये त्याची बदली झाली, इथे तो मुख्य पात्रांत. मला हे फार भारी वाटतं की कुणी असं ठरवून त्याला हिरो केलं नाही, माणूस रोज कामावर येत राहिला आणि एक दिवस त्याच्याशिवाय पान हलेना. आणि तो ऑफिसर नाहीये हां. ॲकॅडमीतून आलेला नाही, खालून वर चढलेला. म्हणजे कागदावर त्याच्याहून वरची कालची पोरं, आणि तीच त्याला येऊन विचारणार, चीफ हे कसं करायचं.

डीप स्पेस नाइन हे अंतराळातलं स्टेशन मुळात कार्डेशियन नावाच्या परग्रहावरच्या लोकांनी बांधलेलं. ते जाताना सगळी मोडतोड करून, कामाचं सामान घेऊन गेले आणि मागे हे खटारं ठेवलं. त्यांची वायरिंग वेगळी, त्यांचा कॉम्प्युटर वेगळा, डॉक्युमेंटेशन शून्य. हा माणूस पहिल्याच एपिसोडमध्ये कन्सोलला लाथ घालतो आणि ते चालू होतं. त्या क्षणी मी त्याची झाले. माझं काम काय आहे माहितीये का? दुसऱ्या कंपनीने पंधरा वर्षांपूर्वी बनवून सोडून दिलेली सिस्टिम आम्ही चालू ठेवतो. ज्यांनी बनवली त्यातलं कुणी नाही, कमेंट्स जर्मनमध्ये, आणि एक सर्व्हर असा आहे की त्याला कुणी हात लावायचा नाही एवढंच पिढ्यान्पिढ्या सांगत आलेत. आमच्यातला एक जण त्याला दसऱ्याला झेंडू वाहतो. मी हसत नाही. डीप स्पेस नाइनवर झेंडू असता तर ओब्रायननेही वाहिला असता.

त्याचं घरचंही फार खरं आहे. सकाळी बायको केको त्याच्यासमोर नाश्त्याला समुद्री शेवाळ आणि प्लँक्टनचा पाव असलं काहीतरी ठेवते, ती जपानी, तिच्यासाठी ते घरचं जेवण, आणि हा ताटाकडे बघतो आणि हळूच म्हणतो, अगं मी मासा नाहीये. माझ्या नवऱ्याने लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडचं पंचामृत खाल्लं, मिरच्या-शेंगदाण्याचं, तेव्हा त्याचा चेहरा डिट्टो असा झाला होता.

आणि त्याच एपिसोडमध्ये, द वूंडेड, नेक्स्ट जनरेशनचा, १९९१ चा, तो दारूच्या ग्लाससमोर बसून एका कार्डेशियन माणसाला सांगतो की लढाईत मी तुमच्यातल्या एकाला मारलं, त्याआधी मी आयुष्यात एक डासही मारला नव्हता, मी तुझा द्वेष करत नाही, तुमच्यामुळे मी जो झालो त्याचा करतो. सकाळी शेवाळावरून कुरकुर करणारा माणूस संध्याकाळी हे बोलतो. कॅप्टन लोकांना असे सीन मिळतात पण ते भाषण होतं. हा भाषण करत नाही, ग्लासाकडे बघत बोलतो आणि उठून जातो.

डीप स्पेस नाइनच्या लेखकांचा जवळजवळ नियमच होता म्हणे की दरवर्षी एका एपिसोडमध्ये ओब्रायनचे हाल करायचे, कारण त्याचे हाल झाले की लोकांना स्वतःचे झाल्यासारखं वाटतं. त्यातला हार्ड टाइम, १९९६ चा, मी दोनदाच बघू शकले. काही तासांत त्याच्या डोक्यात वीस वर्षांच्या तुरुंगवासाची आठवण घालतात. बाहेर आल्यावर बाकीच्यांसाठी काही घडलेलंच नसतं, आणि हा जेवणातलं थोडं थोडं लपवून ठेवतोय, जमिनीवर झोपतोय. जास्त सांगत नाही, बघा.

त्याच स्टेशनवर खाली गॅरकचं दुकान आहे. हा शिंपी. म्हणजे तो म्हणतो मी साधा शिंपी, सगळ्यांना माहीत असतं की हा आधी गुप्तहेर होता, आणि तरी तो हातातली पँट दुमडत शांतपणे म्हणतो छे हो, मी साधा शिंपी. अँड्रू रॉबिन्सन नावाच्या नटाने काय केलंय ते डोळ्यांनी, बाप रे. डॉक्टर बशीर त्याला एकदा लांडगा आला रे आला ही गोष्ट सांगतो, आपली मराठी दुसरीच्या पुस्तकातली वाटावी अशी, आणि म्हणतो तात्पर्य काय तर सारखं खोटं बोललं की खरं बोललो तरी कुणी विश्वास ठेवत नाही. गॅरक म्हणतो नक्की हेच तात्पर्य आहे का? मला वाटतं तात्पर्य असं की एकच खोटं दोनदा सांगू नये. मी खुर्चीतून पडायची बाकी होते, कारण आमचा नारायण पेठेतला ब्लाउजवाला टेलर हे तत्त्व तीस वर्षं पाळतोय. पहिल्यांदा जा, कारागीर गावाला गेलाय. दुसऱ्यांदा, लाइट नव्हते. तिसऱ्यांदा, ताई अस्तराचा रंग मला पसंत पडेना म्हणून थांबलो. कधी रिपीट नाही. आणि ब्लाउज शेवटी असा बसतो की भांडायला तोंड राहत नाही.

ऑफिसमध्ये आमची जी भाषा चालते तिचं मूळ मात्र दार्मोक. नेक्स्ट जनरेशनचा १९९१ चा एपिसोड. टामेरियन नावाचे लोक फक्त त्यांच्या पुराणातल्या-इतिहासातल्या गोष्टींचे दाखले देऊन बोलतात, शब्द कळतात पण अर्थ कुणालाच लागत नाही. त्यांचा कॅप्टन डेथॉन, पॉल विनफील्डने केलाय, रात्री थंडीत कुडकुडणाऱ्या पिकार्डकडे पेटतं लाकूड फेकतो आणि म्हणतो, टेंबा, हात पसरलेले. म्हणजे घे, देतोय. काहीतरी फसलं की, शाका, जेव्हा भिंती पडल्या. लोक म्हणतात अशी भाषा शक्यच नाही. अहो आपण काय वेगळं करतो? ध चा मा म्हटलं की पुण्यातल्या माणसाला १७७३ चा शनिवारवाडा, नारायणराव, चिठ्ठी, सगळं दिसतं, आणि आपण ते वापरतो कशाला तर टेंडरमधल्या टायपोला. विश्वास पानिपतात गेला. गड आला पण सिंह गेला. हे दुसऱ्या ग्रहावरच्या माणसाला शब्दशः भाषांतर करून सांगा बरं, तोही पिकार्डसारखाच बघेल. आमच्या टीममध्ये "गणपतीतला शुक्रवार" एवढंच म्हटलं की सगळे हात कीबोर्डवरून वर, कारण त्या शुक्रवारी संध्याकाळी एकाने जाता जाता एक छोटासा बदल टाकला होता आणि आम्ही विसर्जन सर्व्हर रूममध्ये केलं. नवीन पोरांना अर्थ माहीत नाही पण हात तेही वर करतात. डेथॉन मात्र कॅप्टन असून माझ्या यादीत, कारण तो खुर्चीत बसून राहिला नाही, समोरच्याला आपलं बोलणं कळावं म्हणून स्वतः खाली उतरला आणि त्यात मेला.

बाकी पटापट. बॅटलस्टार गॅलॅक्टिकामधला चीफ टिरोल, जो सगळे खचलेले असताना हँगरमध्ये भंगारातून एक आख्खं विमान बांधायला घेतो आणि आधी नाकं मुरडणारे एकेक जण येऊन हातभार लावतात. द एक्स्पान्समधला एमस, मेकॅनिक, ज्याला स्वतःला चांगलं-वाईट कळत नाही हे माहीत आहे म्हणून तो चांगला माणूस शोधून त्याच्या मागे चालतो. त्याच सिरीयलमधली अवासरला कामगार नाहीये, पार वरची आहे, पण ती नियमाला अपवाद, कारण भरजरी साडी, गळ्यात ठसठशीत दागिने आणि तोंडात अशा शिव्या की ऐकत राहावं, शोहरेह अगदश्लूचा तो खर्जातला आवाज. आमच्या मोठ्या आत्याला युनायटेड नेशन्स दिलं तर दोन दिवसांत अशीच चालवेल. आपला कॅप्टन व्योम, १९९८, मिलिंद सोमण, त्याबद्दल एवढंच की कॉलेजमधल्या आम्ही मुली विज्ञानासाठी बघायचो.

आता शेवटचं. गेल्या पावसाळ्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आठ-दहा दिवस ते माझ्याकडेच होते, आणि डोळा सुधारल्यावर म्हणाले तुझं ते यान लाव काहीतरी. मी रेलिक्स लावला. नेक्स्ट जनरेशनचा, १९९२ चा, ज्यात म्हातारा स्कॉटी परत येतो. पंच्याहत्तर वर्षं तो एका पडलेल्या यानाच्या ट्रान्सपोर्टरमध्ये अडकून असतो, त्यानेच ती युक्ती केलेली, आणि बाहेर येतो तर सगळं बदललेलं. बाबांनी बघितल्याबरोबर ओळखलं, अरे हा आपला, जाड झाला.

मी त्यांना सांगितलं की बाबा माहितीये का, याच्या उजव्या हाताचं मधलं बोट नव्हतं, ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर कॅनडाच्या सैन्यातून उतरला होता, गोळ्या लागल्या, छातीवरची गोळी सिगारेट केसने अडवली आणि बोट गेलं, आणि आयुष्यभर कॅमेऱ्यासमोर तो हात लपवायचा. बाबा म्हणाले, माहितीये. मी म्हटलं कसं माहितीये? म्हणाले, तेव्हाच दिसायचं, प्रेस शॉपमधली माणसं हात ठेवतात तसा ठेवायचा तो. आता ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर मालकांच्या खोलीत त्यांना हे खरंच दिसलं होतं की आत्ता जोडलं, देव जाणे. विचारलं नाही.

तर स्कॉटी नव्या एंटरप्राइजच्या इंजिनरूममध्ये जातो आणि तिथल्या चीफच्या, जॉर्डीच्या, पायात पायात करतो. हे असं का, आमच्या वेळी असं नव्हतं. जॉर्डीने कॅप्टनला कामाला एक तास सांगितलेला असतो, स्कॉटी विचारतो आणि खरा किती लागेल? तो म्हणतो एक तास. स्कॉटी कपाळावर हात मारायचा बाकी, खरा वेळ सांगितलास की काय त्याला! इथे बाबा इतके हसले की डोळ्याला हात लावू नका म्हणून मला ओरडावं लागलं. कारण हा त्यांचा धंदाच होता, ब्रेकडाउन झाला की मॅनेजरला दोन तास सांगायचे आणि पन्नास मिनिटांत मशीन चालू, वर चहा. मीही तेच करते, क्लायंटला चार तास सांगते. कुणी शिकवलं नव्हतं.

मग जॉर्डी वैतागतो आणि स्कॉटीला जवळजवळ हाकलतोच. मला वाटलं बाबा चिडतील. ते म्हणाले, पोराचं बरोबर आहे, त्याला काम आहे. आणि जरा वेळाने, स्क्रीनकडे बघतच, मी एकदा गेलो होतो. कुठे? कंपनीत. तुझी मुलगी झाली तेव्हा, पेढे घेऊन. माझ्या लाइनवर सगळी नवी पॅनल आली होती, मी म्हटलं बघू तर जरा, तर गेटवर पाहुण्यांचं पिवळं हेल्मेट दिलं. पाहुण्याने पिवळ्या पट्ट्याच्या आत जायचं नसतं. मग बाहेरूनच पेढे दिले आणि आलो. हे त्यांनी घरात कुणालाच सांगितलेलं नव्हतं, आईलाही नाही. मी काय बोलणार, मी पॉझ केलं, चहा टाकला.

पुढचा भाग आम्ही चहा घेत बघितला. स्कॉटी होलोडेकवर, म्हणजे हवी ती जागा हुबेहूब उभी करणाऱ्या खोलीत जाऊन कॉम्प्युटरला म्हणतो माझं जुनं जहाज दाखव, कॉम्प्युटर विचारतो कुठलं एंटरप्राइज, स्कॉटी नंबर सांगतो आणि वर एक शिवी घालून म्हणतो, पुढे नंतरच्या यानांचं ए बी सी डी काही नको. दार उघडतं, तो रिकामा ब्रिज, म्हणजे यान चालवायची खोली, ती जुनी बटणं, तेच आवाज. हे सगळं बाबांनी पहिल्यांदा रंगीत बघितलं. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, कठडा लाल होता होय. मला वाटायचं हिरवा.

शेवटी स्कॉटी आणि जॉर्डी मिळून ते पडकं यान चालू करतात, सगळ्यांना वाचवतात, आणि निरोप देताना एंटरप्राइजवाले स्कॉटीला एक छोटं शटल देतात, घे, फिर कुठे फिरायचं तिथे.

"आख्खं शटल दिलं?" बाबा म्हणाले. "आम्हाला घड्याळ दिलं."

ते रिटायरमेंटचं घड्याळ आता आमच्याच हॉलमध्ये आहे, वाडा पडला तेव्हा इकडे आणलं, कंपनीचं नाव तळाशी, काच एका कोपऱ्यात चिरलेली. आम्ही दोघांनी वर बघितलं. नऊ वीस झाले होते. फोनमध्ये नऊ दहा.